सुळ्याच्या डोंगराचे दोन वाघ

पेठच्या रस्त्याने जाताना सावळघाटाच्या अलीकडे डाव्या हाताला एक कच्चा फाटा फुटतो. त्या फाट्याने धूळ खात गेलं की करवंदपाडा लागतो आणि पाड्याच्या डोक्यावर सुळ्याचा डोंगर. आता तिथे वनखात्याची हिरवी पाटी आहे, संवर्धन राखीव क्षेत्र वगैरे. पाड्यावर एवढं लांबलचक कुणी म्हणत नाही. तिथे त्याला ‘पारक’ म्हणतात आणि काम भागतं.

पण पाटी लागायच्या कितीतरी आधीपासून या डोंगराला दोन वाघ होते. एक वर राहायचा आणि कुणाला दिसायचा नाही. दुसरा खाली राहायचा आणि सगळ्यांना दिसायचा, जेवणाच्या वेळेला तर हटकून. या दुसऱ्याचं नाव मंगळू. अंगाने काटकुळा, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी, आणि आवाज असा की बायकोला हाक मारली तर शेजारच्या पाड्यावरची बाई ओ द्यायची.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी गुराखी घरोघर फिरून तांदूळ, गूळ, दूध जमवतात आणि माळावरच्या वाघदेवापाशी खीर रांधतात. वाघदेव म्हणजे सागाची एक जाडजूड फळी. तिच्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले, आणि शेंदूर इतका की चंद्र कुठला नि सूर्य कुठला हे सांगायला जुनं माणूस लागतं. खीर शिजेपर्यंत खेळ होतो. एक माणूस वाघ होतो. अंगाला राख, राखेवर काजळीचे पट्टे, कमरेला अंबाडीच्या दोराचं शेपूट. बाकीचे त्याला घेरतात.

“वाघा रे वाघा, आमच्या रानात येशील का?”

“नाय येणार.”

“आमच्या गाईला बघशील का?”

“नाय बघणार.”

“आन् बकरीला?”

“नाय.”

दर ‘नाय’ला वाघाच्या पाठीत चिबडाच्या साली बसतात. शेवटी वाघ शेपूट सावरत माळ ओलांडून पळतो, आणि वर्षभराचा करार पक्का होतो. तिकडे बिबट्याला बिबट्या कुणी म्हणत नाही. ठिपके असोत की पट्टे, तो वाघच, आणि करार त्या सगळ्यांना लागू.

करार म्हटला की मोडणाऱ्याला दंड आला. वरच्या वाघाकडून दंड वसूल करायला कोण जाणार? म्हणून तो खालच्या वाघाकडून व्हायचा. पाड्यातलं एखादं जनावर वाघाने नेलं की मंगळूने वाघदेवाला कोंबडा द्यायचा आणि पुढच्या बारशीपर्यंत सगळ्यांची बोलणी खायची.

मंगळूचा बाप वाघ होता. बापाचा बापही वाघच होता. जमीन थोडी, नागली-वरईपुरती. शाळेशी ओळख फक्त कौलं शाकारायला गेला तेवढी. पण वाघबारशीला अख्खा पाडा मंगळूच्या मागे धावायचा, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर तो बाकीचं वर्ष ताठ मानेने चालायचा. कोंबडा द्यायला त्याची ना नव्हती. करार मोडला हे चारचौघांत कबूल करणं त्याला जड जायचं. मग त्याने एक वाट काढली.

“मंगळ्या, ठकूबाईची शेळी गेली. तू खाल्लीस काय रं?” सावळीराम विचारायचा. सावळीराम पाड्याचा भगत. वाघदेवाला शेंदूर लावायचा मान त्याचा.

“तरसानं नेली.”

“तू बघितलं?”

“वास आला.”

करारात वाघ होता, तरसाचं नाव कुठे नव्हतं. त्यामुळे मंगळूचा कोंबडाही वाचायचा आणि शब्दही. हळूहळू सुळ्याच्या डोंगरात तरसांचा सुळसुळाट झाला, म्हणजे बोलण्यात. डोंगरात एखादं लंगडं, म्हातारं तरस असेलही बिचारं, पण अख्ख्या पाड्याच्या शेळ्या त्याच्या नावावर जमा होत गेल्या.

अशात त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात दीपक आला.

दीपक पंचवटीतला. वडिलांचं रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्लीत कुंकवाचं, रुद्राक्षांचं दुकान. दीपक कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता आणि सुट्टी मिळाली की गळ्यात दुर्बीण अडकवून गाडीला किक मारायचा. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, “जग पापं धुवायला गंगेवर येतं आणि आमचे चिरंजीव गंगा सोडून घुबडं बघायला डोंगरात जातात.” चिरंजिवांच्या डोक्यात सुळ्याचा डोंगर भरला होता. नकाशात त्या जागी नुसत्या वेड्यावाकड्या रेषा होत्या, अंगठ्याच्या ठशासारख्या. आत काय आहे, कुठली झाडं, कुठली पाखरं, पाणी कुठे, कुणी कधी लिहून ठेवलेलं नव्हतं. दीपकला ते सगळं पायाखाली घालायचं होतं आणि जमलं तर हे रान राखायला सरकारच्या मागे लागायचं होतं.

त्याने पाड्यावर विचारलं, “डोंगराची माहिती असलेलं कुणी सोबत मिळेल का?”

पाडा एका आवाजात म्हणाला, “वाघालाच न्या की.”

वाघ अर्थातच तयार होता. अडचण एवढीच होती, की मंगळूला डोंगर फारसा माहीत नव्हता. गुरं जातात तिथपर्यंत जायचा, डिंकाला जायचा, मोहाला जायचा. त्यापलीकडे त्याचा बाप गेला नव्हता, आजा गेला नव्हता, आणि जायचं कारणही नव्हतं. पण एवढा शहरातून माणूस आलाय, त्याला ‘ठाव नाय’ म्हणायचं म्हणजे वाघपणाला बट्टा. तो छाती काढून पुढे निघाला.

दुपारपर्यंत दीपकला शंका आली. “मंगळूदादा, हे उंबराचं झाड आपण मघाशी पाहिलं.”

“ते दुसरं.”

“त्याच्याही खोडाला अशीच ढोली होती.”

“एका आईची झाडं. सारखीच दिसायची.”

पुढच्या फेरीला मंगळू त्याच झाडाखाली बसला, विडी काढली आणि म्हणाला, “भाऊ, आता ह्यानं आपल्याला तिसऱ्यांदा बघितलं. त्याला काय वाटत असंल?” दीपक इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि दोघांची दोस्ती तिथे त्या उंबराखाली झाली.

त्या दिवसापासून दर हिवाळ्याला दोघं डोंगरात शिरायचे. वाट चुकणं हीच त्यांची शोधाची रीत होती म्हणा ना. चुकून एका घळीत उतरले तर तिथे दगडात कोरलेलं जुनं पाण्याचं टाकं निघालं. चुकून दुसऱ्या बाजूला गेले तर समोर ताशीव कडा आणि कड्याच्या कपारींत गिधाडांची घरटी. दीपक दुर्बीण लावून बसला तो हलेचना. मेलेलं ढोर खाणाऱ्या पाखराला बघून मोठ्या माणसाचे डोळे भरून येतात, हे मंगळूला नवीन होतं. त्याने अदबीने तोंड फिरवलं.

पुढे त्यांच्यात वनरक्षक कारभारी सामील झाला. कारभारी नांदगावकडचा, सपाटीचा माणूस. “आमच्याकडं उभं राहिलं का मनमाडची गाडी दिसती,” तो कुरकुरायचा, “हितं उभं राहिलं का पुढचं झाड.” डोंगराच्या मधोमध एक पसरट खडक होता, तिथवर आला की कारभारी बसायचा आणि “तुमी बघून या, मी हितून लक्ष ठेवतो,” म्हणायचा. त्या खडकाचं नाव ‘गार्डाची बैठक’ पडलं. दीपक ज्या उतारावरून बूड टेकून थेट नाल्यात गेला, ती झाली ‘दीपकची घसरण’. रिकाम्या डोंगराला अशी एकेक नावं चिकटत गेली आणि दीपकने ती हाताने काढलेल्या नकाशात भरली.

गिधाडांच्या कड्याला नाव द्यायची वेळ आली. मंगळूने त्या कड्यासमोर उभं राहून सहज हाक दिली, तर कड्याने ती दहा वेळा परत केली.

“ह्याला भागीचा कडा म्हना,” मंगळू म्हणाला. “आपण एक बोलावं तर धा ऐकू येतात.”

भागी म्हणजे भागीबाई, त्याची बायको. घरी गेल्यावर त्याने तिला सांगितलं, “डोंगरातला सगळ्यात देखणा कडा हाय, त्याला तुझं नाव दिलं.” भागीबाईने भाकरी थापता थापता मान वर केली नाही, पण त्या दिवशी कालवणात तिने थोडं जास्त तेल घातलं.

दर खेपेला परतताना दीपक विचारायचा, “आणि वाघ, दादा?”

“नाय.”

“तरस?”

“ढीग.”

दीपक मनात खट्टू व्हायचा, पण मंगळूच्या शब्दावर त्याने कधी शंका घेतली नाही.

मग एका फाल्गुनात मंगळू एकटाच डिंकाला गेला. भागीच्या कड्याच्या पोटात एक खोबण आहे. तिच्या तोंडाशी सकाळच्या उन्हात एक ठिपकेवाली मादी आडवी पडली होती आणि दोन बछडे तिच्या शेपटीशी खेळत होते. तिने मंगळूकडे पाहिलं. तीन पिढ्यांच्या वाघाने वाघ पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिला. हातातली कुऱ्हाड कधी गळाली त्याला कळलं नाही. तोंडातून आपोआप, सवयीने शब्द निघाले, “नाय येणार. नाय बघणार.” आणि तो पाठ न फिरवता मागे मागे सरत खाली आला.

ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर सगळ्या शेळ्यांचा हिशेब तरसाच्या नावावरून त्याच्या नावावर आला असता. शिवाय दरसाल वाघदेवापुढे ‘नाय येणार’ म्हणणारा मंगळू खोटा ठरला असता, आणि खोट्या वाघाला पुढच्या बारशीला कोण घेरणार? म्हणून दीपकने विचारलं की तो तेच म्हणत राहिला, “नाय.” फक्त आता म्हणताना विडीकडे बघायचा.

दीपकचे कानशिलावरचे केस पांढरे झाले, त्याचा अर्ज नाशिकच्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर म्हातारा होत गेला, आणि दोन हजार चार साली पावसाळा सरताना डोंगराखाली एक जीप आली. माणसं उतरली, कड्याच्या अंगावर फक्कीच्या पांढऱ्या खुणा मारून गेली. कुणा ठेकेदाराला डोंगराची ती बाजू खडीसाठी हवी होती. खुणा बरोबर भागीच्या कड्यावर होत्या.

त्याच सुमाराला वनखात्यात तेजस्विनी मॅडम नावाच्या नव्या अधिकारी आल्या. त्यांनी दीपकचा अर्ज धूळ झटकून वाचला आणि त्याला बोलावून सरळ सांगितलं, “मला हा डोंगर राखीव करायचाय. पण गिधाडांची आता चार-दोन घरटी उरलीत. तरसं ढीगभर म्हणता, ठसा एक नाही. तिथे वाघाचा, निदान बिबट्याचा, वावर आहे एवढं सिद्ध झालं तर मी खाणीची फाइल अडवू शकते. नाहीतर उन्हाळ्यात सुरुंग लागतील.”

पाड्यावर बैठक घ्यायची ठरली. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो, माणसं दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला जातात. मग घरात सापडतात ती म्हातारी माणसं आणि मांजरं. म्हणून बैठक दिवाळीच्या आत, आणि आतला सगळ्यांना सोयीचा दिवस म्हणजे वाघबारस.

दीपक आदल्या दिवशीच येऊन मंगळूच्या ओट्यावर बसला. भागीबाईने कोरा चहा दिला.

“दादा, शेवटचं विचारतो. वाघ आहे का?”

मंगळूने मिशीचं एक टोक ओढलं. “नाय,” तो म्हणाला.

दीपक रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “बरं.” चहा संपवला, गळ्यातली दुर्बीण काढली आणि मंगळूच्या पुढ्यात ठेवली. “तुमच्याकडेच असू द्या. माझं काय बघायचं राहिलंय आता.”

दुर्बीण त्या रात्री खुंटीवर टांगलेली होती आणि मंगळू कुठल्याही कुशीवर वळला तरी ती त्याच्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीबाई त्याच्या पाठीवर पट्टे ओढायला बसली. हे काम लग्नापासून तिचं. डाव्या हातात काजळीची वाटी, उजव्या हाताचं बोट.

“चांदी कुणी नेली?” तिने विचारलं. चांदी तिची पांढरी शेळी. आठवड्यापूर्वी गेली होती.

“तरसानं.”

“कुठून?”

“कड्याकडून.”

“तरस कडा चढतं?”

मंगळू जरा सरकला.

“हालू नका, पट्टा वाकडा होतो.” बोट मणक्यावरून खाली आलं. “फागुनात डिंकाला गेला होता तुमी, कितीक वर्षं झाली. घरी आला तवा डिंक नव्हता, कुऱ्हाड नव्हती, तोंडाला रंग नव्हता. तरसाला बघून माणूस कुऱ्हाड टाकून येत नाय.”

“तुला ठाव व्हतं?”

“मंग.”

“बोलली नाय कदी.”

“तुमी पाड्याचे वाघ. वाघ हाय म्हणून वाघाच्या बायकोनं सांगत फिरायचं का?” तिने वाटीत पुन्हा बोट बुडवलं. “पर आता सांगायला पायजेल.”

“आज सांगितलं तर उद्या मी कोण? मला परत कुणी वाघ करंल?”

“नाय करणार.”

“मंग?”

“मंग काय. माझ्या नावाचा कडा हाय त्यो. चुना फासायच्या आधी मला कुणी इचारलं?”

माळावर चूल पेटली होती. मॅडम आल्या, सोबत दीपक आणि गणवेशाला इस्त्री केलेला कारभारी. सावळीरामने त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली. “आधी तुमचं होऊ द्या,” मॅडम म्हणाल्या, “बैठक मग घेऊ.”

“त्याच्या आधी एक सांगा बाई,” सावळीराम म्हणाला. “पारक झालं का आमाला उठवणार का?”

“नाही. पाडा इथेच राहणार. गुरंही चरतील, कुठे चरतील ते तुम्ही-आम्ही बसून ठरवू.”

सावळीरामने हे शब्द तोंडात घोळवून पाहिले आणि शेंदूर कालवायला घेतला.

वाघ रिंगणात आला. पोरं, बाया, म्हातारे, सगळे भोवती. सगळ्यांच्या हातात चिबडाच्या साली. पुढे होता चंदर, सावळीरामचा पुतण्या, अंगाने भरलेला आणि आवाजाला तसाच.

“वाघा रे वाघा, आमच्या रानात येशील का?”

मंगळूने तोंड उघडलं. ‘नाय’ ओठांपर्यंत आलेलं दिसलं, आणि तिथेच बसलं.

“नाय म्हण,” चंदर हळूच म्हणाला. “इसरला काय?”

त्याने पुन्हा विचारलं. “वाघा रे वाघा, आमच्या रानात येशील का?”

“कुठं जाऊ?” मंगळू म्हणाला. शेजारच्या पाड्याला ऐकू जाणारा तो आवाज आज चुलीपर्यंत जेमतेम पोचला. “मी हितंच हाय. वर कड्याच्या पोटात. पोरं बी मला तिथंच झाली. तुमी दरसाल इचारता, मी दरसाल नाय म्हणतो, पर मी गेलोच नव्हतो कुठं. ठकूबाईची शेळी म्याच नेली. चांदी म्याच नेली. आता कडा फोडला तर मंग खरंच खाली येईन. तुमच्या गोठ्यात येईन. दुसरीकडं कुठं जाऊ?”

सालींचे हात वर होते ते तसेच खाली आले.

सावळीरामने शेंदराची वाटी खाली ठेवली. “हे खेळातलं बोलतो का खरं?”

“खरं.”

“तरस?”

“नसंल बी.”

दीपक उठून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढ्या सगळ्या गोष्टी एकदम चालल्या होत्या की मंगळूने तिकडे बघायचं टाळलं.

“मंगळूदादा,” मॅडम म्हणाल्या, “खेळातलं बोलणं मला फाइलीत घालता येत नाही. दाखवता येईल?”

दुपारच्या उन्हात वरात निघाली. पुढे पट्टे ओढलेला वाघ, मागे मॅडम, दीपक, कारभारी, सावळीराम, निम्मा पाडा, आणि चांदी आपली होती म्हणून भागीबाई.

“दादा, शेपूट तरी सोडून ठेवा, काट्यात अडकेल,” दीपक म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला.

“असू दे. त्याच्या घरी चाललोय. ओळख पटाय नको?”

थोड्या वेळाने एक उंबर आला, खोडाला ढोली असलेला. पुन्हा थोड्या वेळाने एक उंबर आला. दीपकने घसा खाकरला.

“ठाव हाय,” मंगळू पुढे बघतच म्हणाला. “तेच हाय.”

‘गार्डाची बैठक’ आली तेव्हा कारभारी सवयीने वाकला, पण मॅडम मागेच होत्या. बिचारा बसता बसता उभा राहिला आणि नोकरीत पहिल्यांदा त्या खडकाच्या पुढे गेला. जुन्या टाक्याच्या कडेला ओला गाळ होता आणि गाळात पंजा उमटला होता, नखं आत ओढलेली, नुकताच आल्यासारखा. मॅडमनी गुडघे टेकून पाहिला, टेप लावली आणि कारभारीला म्हणाल्या, “प्लास्टर कालवा.” कारभारीने ते कालवून ठशात ओतलं आणि साचा सुरेख निघाला. पुढे आयुष्यभर तो, “त्यो ठसा मी घेतला,” असं सांगत राहिला आणि आपण बसत होतो तो खडक कुठला हे विसरला.

कड्याच्या खाली, खोबणीपासून जरा अलीकडे, पितळेची घंटी पडलेली होती. तिच्यात अजून पांढऱ्या केसांचा पुंजका अडकला होता. आत कुणी गेलं नाही. भागीबाईने घंटी उचलली, पदराला पुसली, आणि शेळीला निदान एकदा हाक घालावी म्हणून कड्याकडे तोंड करून म्हणाली, “चांदे.”

कडा म्हणाला, चांदे, चांदे, चांदे, चांदे. असं दहा वेळा.

भागीबाई तो थांबेपर्यंत उभी राहिली. मग सावकाश मंगळूकडे वळली.

“देखणा म्हणून नाव दिलं काय.”

मंगळू एकदम शेपटीतले काटे काढायला लागला. दीपकलाही दूर कुठेतरी एक पाखरू दिसलं.

खाली येईपर्यंत खीर लागली होती. मंगळू आंघोळही न करता घरी गेला, होता तो एकुलता एक कोंबडा घेऊन आला आणि वाघदेवापुढे उभा राहिला. सावळीरामने कोंबड्याकडे पाहिलं, मग मंगळूकडे.

“एका कोंबड्यात भागायचं नाय हे.”

“ठाव हाय.”

“डोंगर वाचंल तुझ्या बोलण्यानं. वाचावा. पर खोटं बोललेल्याला ह्याच्यापुढं परत वाघ म्हणून उभा करता येत नाय मला.”

“नका करू,” मंगळू म्हणाला. त्याने कमरेचं शेपूट सोडलं, नीट गुंडाळलं आणि चंदरच्या हातात दिलं. घरी जाताना तो जरा वाकून चालत होता. माणसं म्हणाली, चढ-उताराने दमला असेल.

त्या साच्याच्या आणि घंटीच्या जोरावर खाणीची फाइल अडली. मग सर्वेक्षण झालं, बैठका झाल्या, आणखी एक पावसाळा गेला, आणि फाट्यावर हिरवी पाटी आली. सोबत दीपकच्या हातनकाशावरून छापलेला मोठा नकाशा. त्यात ‘दीपकची घसरण’ आहे, ‘गार्डाची बैठक’ आहे. कारभारीने ती वगळावी म्हणून अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘भागीचा कडा’. मंगळूला वनखात्याने रोजावर राखणदार नेमलं. शाळेच्या सहली आल्या की गळ्यात दीपकची दुर्बीण घालून तो पुढे चालतो. सहली हटकून उशिरा परततात. गुरुजी तक्रार करतात, मुलं कधीच करत नाहीत.

पाटी लागली त्या वर्षीची वाघबारस. वाघ होता चंदर. राख त्याला दुप्पट लागली आणि पट्टे पुरेनात. सावळीरामने आता करारातले शब्द बदलले होते, वर्षभर विचार करून.

“वाघा रे वाघा, डोंगर तुझा, माळ आमचा. माळावर येशील का?”

“नाय येणार.”

“गोठ्यात बघशील का?”

“नाय बघणार.”

साली उडाल्या. चंदर धापा टाकत पळाला आणि माळाच्या मध्यावरच बसला. मंगळू गर्दीत उभा होता, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात, हातात एक साल धरून. ती मारायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बारशीला त्याची पाठ कोरडी होती आणि तिथे त्याला कसंसंच होत होतं, दात पडल्यावर जीभ तिथेच जाते तसं.

तेवढ्यात मागून एक साल येऊन बरोबर दोन खांद्यांच्या मधे बसली. नेमकी, सणसणीत.

त्याने वळून पाहिलं. भागीबाई चुलीपाशी उभी होती आणि खिरीत चमचा फिरवत मन लावून ढगांकडे बघत होती.

“मी वाघ नाय आता,” मंगळू म्हणाला.

“ठाव हाय,” ती म्हणाली. “ही कड्याची हाय. आजून नऊ यायच्यात.”

मंगळूने पाठ वळवली आणि जरा ताठ उभा राहिला.